मेटॅन: वाणांच्या बहुठिकाणी चाचण्यांसाठी उत्तम, पण वर्षाचा हिशेब वेगळा मांडा

एकाच ओळीत सांगायचं तर ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं ‘मेटॅन’ हे मोफत पॅकेज जरूर वापरा, फक्त ‘वर्ष’ त्याच्या भरवशावर सोडू नका.

ब्राझीलचे तिआगो ओलिवोतो यांच्या या पॅकेजबरोबर सरावासाठी डेटा येतो: १० वाण, १४ पर्यावरणं (चाचणीचं ठिकाण किंवा ठिकाण-वर्षाची जोडी), ३ रिप्लिकेशन (पुनरावृत्ती), म्हणजे ४२० ओळी. आधी त्यावर अम्मी (वाण आणि पर्यावरण यांची आंतरक्रिया, म्हणजे ठिकाणागणिक वाणांचा बदलता क्रम, तपासणारी पद्धत) चालवा आणि डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र तुलनांची संख्या) ताडून पाहा. पर्यावरण १३, पर्यावरणातली रिप्लिकेशन २८, वाण ९, आंतरक्रिया ११७, एरर २५२. पर्यावरणाचा एफ (फरक खरा की योगायोगाचा ते तपासणारं गुणोत्तर) इथे पूल्ड एररने, म्हणजे सगळ्या ठिकाणांच्या एकत्र केलेल्या एररने नाही, तर त्या २८ वाल्या ओळीने काढला जातो. हेच बरोबर आहे. एक्सेलमध्ये हाताने केलेल्या पूल्ड अनोव्हात (फरकाच्या एकत्रित विश्लेषणात) नेमकी इथेच गफलत होते.

पूल करण्याआधी प्रत्येक ठिकाणचा वेगळा अनोव्हा काढाच, त्याची सोय आहे. एखाद्या कोरडवाहू केंद्राचा एरर मीन स्क्वेअर (प्लॉटमधल्या योगायोगाच्या फरकाचं माप) इतरांच्या कितीतरी पट निघाला, तर पूल्ड एररवरचा निष्कर्ष फसवा ठरतो. प्लॉट गेले असतील तर अम्मीला पूर्ण तक्ता लागतो. तिथे रिकाम्या जागा अंदाजाने भरण्यापेक्षा मिक्स्ड मॉडेलने (ज्यात काही परिणाम रँडम धरतात) ब्लप, म्हणजे प्रत्येक वाणाचं अंदाजित मूल्य, काढणं आम्हाला जास्त पटतं. अल्फा लॅटिस या छोट्या ब्लॉकांच्या मांडणीसाठी ब्लॉकचा कॉलमही देता येतो.

जीजीई बायप्लॉट (वाण आणि ठिकाणं एकाच चित्रात दाखवणारे आलेख) देखणे आहेत, कोणत्या ठिकाणी कोणता वाण सरस ते झटकन दिसतं. मात्र पहिले दोन अक्ष मिळून निम्माच फरक दाखवत असतील, तर त्या चित्रावरून शिफारस करू नका.

खरी अडचण पुढे आहे. पॅकेज पर्यावरणासाठी एकच कॉलम मागतं. समजा, ज्वारीची चाचणी राहुरी, परभणी, अकोला, सोलापूर अशा ४ ठिकाणी ३ वर्षं घेतली, तर ‘राहुरी-२०२२’ असे जोडून १२ पर्यावरणं करावी लागतात. मग वाण × ठिकाण आणि वाण × वर्ष यांची सरमिसळ होते. पहिली आंतरक्रिया मोठी असेल तर विभागवार शिफारस करता येते. दुसरी मोठी असेल तर ती करता येत नाही, कारण पुढच्या वर्षीचा पाऊस कुणाच्या हातात नसतो. म्हणून ‘आर’मधल्याच एलएमई४ या मिक्स्ड मॉडेलच्या पॅकेजमध्ये वाण × ठिकाण, वाण × वर्ष आणि वाण × ठिकाण × वर्ष अशा तीन रँडम टर्म वेगवेगळ्या घाला. ३ वर्षांतून वर्षाला जेमतेम २ डिग्री ऑफ फ्रीडम मिळतात. त्यामुळे वर्षाच्या टर्मचा व्हेरियन्स (विचरण) शून्य आला तर वर्षाचा परिणामच नाही असं अहवालात लिहू नका.