डीसीएस की आयएल-टू? रात्री साडेअकराला ज्याला फोन येतो त्याच्या बाजूने

मला विमानं चांगली उडवता येतात असं कुणी म्हणत नाही. ती ‘लावून देता’ येतात, अशी ख्याती मात्र पाचपाखाडीपासून कळव्यापर्यंत पसरली आहे. गेल्या काही वर्षांत भाचा, ऑफिसातले दोघं, आमच्याच बिल्डिंगमधले एक निवृत्त काका आणि मावसभाऊ अशा पाच जणांच्या मशीनवर मी लढाऊ विमानांचे सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचे सिम्युलेटर गेम, बसवून दिलेत. थोडे समोर बसून, बरेचसे फोनवर. डीसीएस आणि आयएल-टू हे असेच दोन सिम. त्यामुळे ‘डीसीएस घेऊ की आयएल-टू?’ असं कुणी विचारलं की माझं उत्तर ग्राफिक्सपासून सुरू होत नाही. ढग कुठले जास्त खरे, स्फोट कुठले देखणे, हे तुम्ही व्हिडिओंत पाहून ठेवलेलंच असणार. मी सांगणार ते एवढंच, की इन्स्टॉल करताना आणि कंट्रोल लावताना कोण किती छळतो. दोन्ही माझ्याकडे आहेत, दोन्हींची मॉड्यूलं (वेगळी विकत घ्यायची विमानं, नकाशे वगैरे) स्वतःच्या पैशांनी घेतलेली आहेत, त्यामुळे कुणाशी वाकडं नाही.

आधी इन्स्टॉलेशनचं उरकून टाकू.

डीसीएसचा मूळ गेम फुकट आहे आणि त्यात फसवणूक नाही. सुखोई-25टी आणि टीएफ-51डी, म्हणजे बिनबंदुकीची मस्टँग, ही दोन विमानं आणि कॉकेशसचा नकाशा एक पैसा न देता मिळतो. प्रश्न असतो स्टीमवरून, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानातून, घ्यायचा की त्यांच्या स्वतःच्या साइटवरून. मी सगळ्यांना साइटवरूनच घ्यायला लावतो. कारण स्टीमवर घेतलेली मॉड्यूलं पुढे साइटच्या आवृत्तीत नेता येतात, उलटं करता येत नाही. शिवाय मॉड्यूल 14 दिवस वापरून बघायची सोय साइटच्या आवृत्तीतच आहे. विकत घेण्याआधी कॉकपिटमध्ये बसून घाबरून घ्यायला 14 दिवस पुरतात.

पण हे धूड आहे. चार नकाशे आणि सहा विमानं झाल्यावर माझा फोल्डर 200 जीबीच्या पुढे गेला, आणि अपडेट आलं की वर आणखी मोकळी जागा मागतो. जुलैमध्ये आमच्याकडे पाऊस आणि केबलवाल्याचं नेट यांचं जे काही चालतं ते ठाणेकरांना सांगायला नको. एकदा मावसभावाचं डाउनलोड तीन दिवस चाललं होतं. अपडेटर जिथे तुटला तिथून पुढे उचलतो, हे त्याचं चांगलं. पूर्ण झाल्यावर गेम उघडेना, तेव्हा रिपेअर चालवला आणि तासभर फॅनचा आवाज ऐकत बसलो. अँटीव्हायरसने एक फाइल गिळली होती. तो फोल्डर अँटीव्हायरसच्या अपवादांत टाकला आणि निभावलं. तुम्हीही तेवढं आधीच करून ठेवा.

आयएल-टूचं, म्हणजे 2014 साली बॅटल ऑफ स्टॅलिनग्राडपासून सुरू झालेल्या ग्रेट बॅटल्स मालिकेचं, काय सांगू? स्टीमवर इन्स्टॉल दाबलं, जेवलो, आलो, झालं होतं. लिहिण्यासारखं काही नाही, आणि हीच त्याची जमेची बाजू. फुकट मात्र नाही. सेलमध्ये घ्या, सेल वरचेवर लागतात.

कुणीतरी फाल्कन बीएमएसचं नाव घेणारच, म्हणून एक वाक्य: ते फुकट आहे आणि अफाट आहे, पण 1998 चा मूळ फाल्कन 4.0 विकत घेतलेला असावा लागतो, आणि एफ-16 वर जीव जडलेला नसेल तर पहिलं सिम म्हणून मी तरी कुणाला सुचवणार नाही.

आता कंट्रोल. माझे सगळे फोन यावरचेच असतात.

भाच्याचा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. “मामा, विमान उडायच्या आधीच डावीकडे कलंडतंय. जॉयस्टिक खराब निघाली वाटतं. उद्या परत करू?” त्याने त्याच दिवशी पायाने चालवायचे पेडल जोडले होते. मी म्हटलं, जॉयस्टिकला हात लावू नकोस, उजवा कंट्रोल आणि एंटर एकत्र दाब. डीसीएसमध्ये हे दाबलं की पडद्यावर एक लाल चौकट येते आणि सिमला तुमची काडी, म्हणजे जॉयस्टिक, कुठे आहे असं वाटतंय ते तिच्यात दिसतं. “मामा, याला उजवा कंट्रोलच नाहीये.” खरंच नव्हता. नवा लॅपटॉप, उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं बटण. शेवटी जुन्या पीसीचा कीबोर्ड माळ्यावरून काढून जोडला तेव्हा चौकट दिसली, आणि तिच्यातली खूण कोपऱ्यात जाऊन चिकटलेली.

गोम अशी, की डीसीएस नवं काहीही जोडलं की त्याला आपल्या मनाने अ‍ॅक्सिस, म्हणजे विमानाची एखादी हालचाल, देऊन टाकतो. पेडलच्या पंजाखाली जे ब्रेक असतात, त्यांनाही त्याने पिच (नाक वर-खाली) आणि रोल (डावी-उजवीकडे कलणं) दिलेले होते. पाय न लावता ते ब्रेक टोकालाच असतात, म्हणजे विमानाच्या दृष्टीने पायलट काडी पूर्ण आडवी धरून बसलाय. उपाय सोपा आहे: अ‍ॅक्सिसच्या यादीत जाऊन पेडलच्या कॉलममधलं सगळं पुसायचं आणि फक्त रडर (शेपटीचं सुकाणू) आणि ब्रेक आपल्या हाताने लावायचे. पाच मिनिटांचं काम. भाचा खूश, मी झोपलो.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन. “मामा, परत कलंडतंय.” दुसरं विमान घेतलं होतं त्याने.

मला जे नडलं ते हेच. डीसीएसमध्ये प्रत्येक विमानाचं बाइंडिंग, म्हणजे कुठल्या बटणाने काय व्हावं हे ठरवणं, वेगळं. सुखोईत पेडल साफ केले म्हणून हॉर्नेटमध्ये साफ होत नाहीत. ट्रिम, ब्रेक, चाकं, बंदुकीचा घोडा, सगळं पुन्हा पहिल्यापासून. यामागचा विचार मला कळतो, हॉर्नेटच्या काडीवरची बटणं आणि मिगच्या काडीवरची बटणं खऱ्या आयुष्यातही एक नाहीत. एका विमानाचं प्रोफाइल दुसऱ्यात लोड करायची सोयही आहे. माझ्या अनुभवात अ‍ॅक्सिस येतात, बटणांचं रामभरोसे. तुम्हाला कदाचित बरा अनुभव येईल.

एवढ्यावर मी डीसीएसला नावं ठेवली नसती. ठेवली ती एका दिवाळीनंतर. साफसफाईत घरच्यांनी टेबल हलवलं, सगळ्या यूएसबी वायरी काढल्या, पुसल्या आणि अतिशय प्रेमाने परत लावल्या. फक्त दुसऱ्या पोर्टांमध्ये. लक्ष्मीपूजन आटोपून रात्री बसलो तर डीसीएस माझ्या काडीला, थ्रॉटलला (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा), पेडलला ओळखच दाखवेना. विंडोजने पोर्ट बदलल्यावर उपकरणांना नवा आयडी दिला होता आणि डीसीएस त्या आयडीच्या नावाने सेटिंगच्या फाइली ठेवतो. सेव्ह्ड गेम्स, डीसीएस, कॉन्फिग, इनपुट, मग विमानाच्या नावाचा फोल्डर, त्यात जॉयस्टिक, आणि तिथे महिरपी कंसात लांबलचक आकडा असलेल्या फाइली. जुन्या फाइलला नवा आकडा द्यायचा की सेटिंग परत येतं. सहा विमानं, तीन उपकरणं. 18 फाइली. बाहेर फटाके वाजत होते आणि मी आकडे कॉपी-पेस्ट करत होतो. दोन जागी चुकलो, त्यामुळे मस्टँगचं थ्रॉटल पुढे ढकललं की ती रडर मारायची.

त्याच रात्री धास्तीने आयएल-टू उघडला. रोग तिथेही होताच, हे प्रामाणिकपणे सांगतो. काडी आणि थ्रॉटल यांचे क्रमांक अदलाबदल झाले होते, काडी मागे ओढली की इंजिनाचा आवाज वाढायचा. पण तिथे डेटा, इनपुट या फोल्डरात डिव्हायसेस नावाची एकच टेक्स्ट फाइल आहे. माझ्या तिन्ही उपकरणांच्या तीन ओळी. क्रम नीट केला, सेव्ह केली आणि एकूण एक विमान जागेवर आलं. कारण आयएल-टूमध्ये बाइंडिंग एकदाच करायचं असतं. स्पिटफायरला जे बटण, तेच मेसरश्मिटला, तेच हरिकेनला.

याचा अर्थ मला नीट कळला तो काकांमुळे. काका पासष्टीचे, आयुष्यभर बँकेत. आपल्या हवाई दलाकडे हरिकेन होती, स्पिटफायर होती, हे त्यांनी लहानपणापासून वाचलेलं, म्हणून त्यांना स्पिटफायरच हवी होती. डीसीएसमध्येही स्पिटफायर आहे, आणि बारकाव्यांत ती जास्त खरी आहे असं जाणकार म्हणतात. मीही नाकारणार नाही. पण काकांना मी आयएल-टू कुबान घेऊन दिलं, त्यात स्पिटफायर मार्क फाइव्ह येते. काडीही साधी, लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो, जिची मूठ पिळली की रडर फिरतो. बटणं लावून झाल्यावर काकांनी पोस्टकार्डाएवढा कागद घेतला, ठळक अक्षरांत बारा ओळी लिहिल्या आणि मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवला. ‘इंजिन सुरू – ई. चाके – 7. फ्लॅप – 9.’ वर्ष होऊन गेलं, कागद तोच आहे. मध्ये त्यांनी हरिकेनही घेतली, मला फोनसुद्धा केला नाही. माझ्या टेबलावर डीसीएससाठी असे कागद सहा आहेत, आणि हॉर्नेटवर बसताना मिगचा कागद वाचून मी एकदा भलतंच बटण दाबलेलं आहे.

आता डीसीएसची बाजूही मांडतो, नाहीतर मावसभाऊ बोलणं टाकेल. तिथे कॉकपिटमधला जवळजवळ प्रत्येक खटका माउसने दाबता येतो, त्यामुळे सगळंच बाइंड करावं लागत नाही. वीस-बावीस गोष्टी काडीवर आणल्या की बाकी हाताने शोधा. (फुकटातल्या सुखोईला हे लागू नाही, तिथे कीबोर्डच.) फोनवरून मदत करायलाही हे सोयीचं, “डाव्या भिंतीवर बघ, लाल झाकण आहे ना, ते उघड” असं सांगता येतं. आणि कुणी अगदीच अडला तर डावी विंडोज की आणि होम दाबायला सांगायचं, विमान स्वतःच सुरू होतं. आयएल-टूमध्ये खटके दिसतात पण दाबता येत नाहीत, जे काही आहे ते की किंवा बटण. शिवाय त्याची कंट्रोलची यादी वाचताना डोकं गरगरतं. थ्रॉटलच घ्या: सगळ्या इंजिनांसाठी एक ओळ, पहिल्या इंजिनासाठी वेगळी, दुसऱ्यासाठी वेगळी. नवशिक्या हमखास चुकीच्या ओळीवर लावतो. थ्रॉटल उलटं चालणं हे तर ठरलेलं, तिथे इन्व्हर्सची खूण करायची असते आणि ती कुणालाच पहिल्यांदा सापडत नाही.

कर्व्ह, डेडझोन, म्हणजे काडी किती हलवली की विमानाने किती ऐकावं, यांचं दोन्हीकडे जवळपास सारखंच. मान वळवण्यासाठी वेबकॅम आणि ओपनट्रॅक हे सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालतं, मी तेच वापरतो. काडी खरंच खराब आहे का हे बघायला आधी विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल (जॉयस्टिक तपासायची खिडकी) उघडा, सिममध्ये शिरून शोधू नका. माझे निम्मे फोन एवढ्यावर मिटतात.

मग कुणी काय घ्यावं? एखाद्या ठरावीक जेटवर मन बसलेलं असेल तर इलाज नाही, डीसीएसच. मावसभावाचं तसंच झालं. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, तो टीव्हीवर बघून याचे डोळे भरून आले आणि त्याच आठवड्यात त्याने डीसीएसचं मिग-21बीस घेतलं. आयएल-टू त्याला कितीही सोपं वाटलं तरी त्यात मिग-21 नाही, विषय संपला. एकच विमान घेऊन वर्षभर त्याच्यावरच बसणार असाल तर मी वर रडलो ते सगळं तुम्हाला एकदाच भोगावं लागेल, आणि ते सोसण्यासारखं आहे. पण आज हे, उद्या ते असा स्वभाव असेल, ऑफिसातून ट्रान्स-हार्बरने लोंबकळत घरी येऊन रात्री हाताशी तासच उरत असेल, तर तो तास बाइंडिंगमध्ये घालवायचा की हवेत, हे बघा. मी स्वतः हल्ली आठवड्यातले चार दिवस आयएल-टू उघडतो. डीसीएस रविवारी, आणि तेही अपडेट आलेलं नसेल तर.

डीसीएसच घ्यायचं ठरलं तर दोन कामं पहिल्याच दिवशी करा. ज्या पोर्टमध्ये जे जोडलंय त्यावर पेनाने खूण करून ठेवा, आणि इनपुटचा तो फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. मावसभावाला मी हे दोन्ही सांगितलं होतं. परवा त्याने हेलिकॉप्टर घेतलं आणि रात्री फोन केला. मी हॅलो म्हणायच्या आधीच विचारलं, “पेडलचा कॉलम पुसलास का?” पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, “थांब, करतो,” आणि फोन ठेवला.