नकली ल्युअरचा सौदा आणि तोंडात गळ घेऊन गेलेला शिवडा

भुसावळ, रावेर, मुक्ताईनगर या पट्ट्यात तापीवर मरळ आणि शिवडा हे मासे धरणाऱ्यांना चांगल्या प्रतीचे हार्ड ल्युअर, म्हणजे गळ लावलेले माशाच्या आकाराचे टणक नकली आमिष, जवळच्या बाजारात सहसा मिळत नाहीत, म्हणून ते मोबाइलवरून मागवावे लागतात. याच गरजेचा फायदा घेऊन एका विक्रेत्याने मला रापाला या नामांकित कंपनीचे म्हणून नकली ल्युअर विकले. ४,२०० रुपये गेल्याचे दुःख आहेच. परंतु त्या मालामुळे एक मोठा शिवडा तोंडात गळ घेऊन खोल पाण्यात निघून गेला, याचा संताप त्याहून मोठा आहे.

विक्रेता स्वतःला आयातदार म्हणवत होता. बाल्सा लाकडाच्या तरंगत्या ल्युअरचे त्याने पाठवलेले फोटो अस्सल मालाचे होते आणि संशय यावा इतका त्याचा दरही कमी नव्हता. "भाऊ, बाहेरचा माल आहे, याला पार्सल आल्यावर पैसे देण्याची सोय नसते," असे सांगून त्याने पूर्ण रक्कम यूपीआयने आधीच घेतली. बिल पार्सलसोबत येईल, असेही तो म्हणाला होता. ते आले नाही.

फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाचा पहिला ल्युअर कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चढवला आणि फोटोच्या फिल्म वितळवून त्याचा लेप दिला. थव्यातला दुबळा, डगमगत पोहणारा मासा शिकारी मासे आधी टिपतात, हे त्यांनी पाण्यावर पाहिले होते आणि तीच चाल त्यांना ल्युअरमध्ये हवी होती. बाल्सा अत्यंत हलके असते; ओढताना पुढच्या पारदर्शक जिभेवर पाण्याचा दाब येतो आणि ल्युअर डावी-उजवीकडे झुलत खाली जातो, तर दोरी सैल सोडताच पुन्हा वर येतो. ही चाल साधावी म्हणून कंपनी प्रत्येक ल्युअर पाण्याच्या टाकीत चालवून पाहते. मला मिळालेले ल्युअर तरंगलेच नाहीत. ओढल्यावर ते एका अंगावर कलंडून गोल फिरत आणि दोरीला पीळ पाडत. अस्सल ल्युअर एका बाजूला जाऊ लागला, तर दोरी बांधायची पुढची कडी विरुद्ध बाजूला किंचित वाकवून तो सरळ करता येतो. येथे पक्कड लावताच कडीच जागेवर फिरू लागली.

तरीही त्यांपैकी एकावर चांगदेवजवळ, पूर्णा तापीला मिळते त्या बाजूला, संध्याकाळी शिवडा लागला. त्याने खोल डोहाकडे पहिली धाव घेतली, रिळाचा ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोरी सोडणारी यंत्रणा, व्यवस्थित सुटत होता, दोरीही शाबूत होती. आणि अचानक सगळा ताण गेला. ल्युअर परत आला तो पोटाच्या ट्रेबल हुकाशिवाय, म्हणजे तीन टोकांच्या गळाशिवाय. तो अडकवलेली कडी मुळासकट उपटली होती. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत शिवडा धोक्यात असलेल्या जातींमध्ये नोंदलेला आहे; असा मासा सोडून देण्यासाठीच आम्ही गळाचे उलटे काटे पकडीने दाबून टाकतो. काटा दाबलेला गळ कदाचित निसटेलही, पण तीन टोके जबड्यात रुतल्यावर तो मासा शिकार कशी करणार, हा विचार आजही स्वस्थ बसू देत नाही.

ज्या मच्छीमार सोसायटीच्या परवानगीने आम्ही तेथे जातो, तिच्यातल्या एका जुन्या सभासदांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तो ल्युअर सुरीने उभा चिरला. आत बाल्सा नव्हतेच. प्लास्टिकचे दोन अर्धे भाग चिकटवलेले होते आणि प्रत्येक कडी स्वतंत्रपणे जेमतेम खोचलेली होती. चांगल्या बाल्सा ल्युअरमध्ये तोंडापासून शेपटीपर्यंत एकच अखंड तार असते, त्यामुळे लाकूड फुटले तरी मासा आणि दोरी यांचा सांधा तुटत नाही. "हे शोकेसमध्ये ठेवायचं खेळणं आहे रे भाऊ," एवढेच आबा म्हणाले.

फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने आधी माझ्या रॉडला, मग गाठीला दोष दिला आणि शेवटी माझा नंबर ब्लॉक केला.

आयात केलेल्या वेष्टित मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे २०११ च्या वजनमापविषयक नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी डबीच्या मागच्या बाजूचा फोटो आवर्जून मागावा; माझ्या डबीची ती बाजू कोरी होती. पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा, बादलीत ल्युअर तरंगतो का ते पाहावे आणि बाल्साच्या म्हणून विकलेल्या ल्युअरच्या पाठीवर जोडाची रेघ दिसली तर तो पाण्यात नेऊच नये. पैसे पाठवल्यावर विक्रेता गायब झाला, तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता असते. नकली वस्तूबाबत १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. विक्रेता कोठलाही असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. चिरलेला ल्युअर, कोरी डबी आणि सगळे संदेश मी त्यासाठीच जपून ठेवले आहेत. उरलेल्या ल्युअरचे गळ मात्र काढून टाकले आहेत, म्हणजे ते चुकूनही कोणाच्या दोरीला बांधले जाणार नाहीत.