कास्क एलसाठी कुठे जावे: जुन्या हूक नॉर्टनला की एखाद्या नव्या छोट्या ब्रुअरीत?

कामानिमित्त किंवा मुलांकडे म्हणून इंग्लंडला गेलेल्या आणि तिथली पारंपरिक कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी बिअर, जिथे बनते ती जागा पाहण्यासाठी एखादाच दिवस हाताशी असलेल्या वाचकापुढे साधारणपणे दोन पर्याय असतात. एक म्हणजे ऑक्सफर्डशायरमधील हूक नॉर्टनसारखी जुनी ब्रुअरी, आणि दुसरा म्हणजे अलीकडे एखाद्या औद्योगिक वसाहतीतील गाळ्यात किंवा रेल्वेच्या कमानीखाली सुरू झालेली, केवळ कास्कवर भर देणारी छोटी ब्रुअरी.

दोन्हीकडची बिअर मुळात एकाच जातीची असते. ती पाश्चराइज केलेली नसते, पिंपात भरल्यानंतरही तिच्यातील यीस्ट जिवंत राहून आंबवण्याचे अखेरचे काम करत असते, आणि बाहेरून वायूचा दाब न देता ती बहुधा हातपंपाने ग्लासात ओढली जाते. 11 ते 13 अंश सेल्सिअसला मिळणारी ही एल पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीतील थंडगार बिअरची सवय असलेल्याला पहिल्या घोटाला कोमट आणि मिळमिळीत वाटू शकते. परंतु मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा याच तापमानाला नीट उलगडत असल्याने लगेच मत बनवू नये.

हूक नॉर्टनची स्थापना 1849 ची आहे. तिची मनोऱ्यासारखी उंच व्हिक्टोरियन इमारत अशी रचलेली आहे की कच्चा माल वरच्या मजल्यावर चढवला की पुढची प्रक्रिया गुरुत्वाकर्षणाच्या आधारे मजल्यामजल्याने खाली उतरते. 1899 चे वाफेचे इंजिनही तिथे जपलेले आहे. ज्याला यंत्रांची आणि इतिहासाची ओढ आहे, किंवा ज्याच्यासोबत बिअर न पिणारी मंडळी आहेत, त्याने निःशंकपणे इथेच जावे.

छोट्या नव्या ब्रुअरीत पाहण्यासारखी इमारत नसते, पण विचारण्यासारखे पुष्कळ असते. 2002 मध्ये छोट्या उत्पादकांना बिअरवरील करात सवलत मिळाल्यानंतर अशा ब्रुअऱ्या झपाट्याने वाढल्या, आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी बिअर बनवणारी व्यक्तीच सुट्टीच्या दिवशी ती वाढतानाही दिसते. कास्कच्या बाबतीत हे फार मोलाचे आहे, कारण या बिअरचा निम्मा दर्जा तिची निगा कशी राखली जाते यावर ठरतो: पिंप किती दिवस स्थिर ठेवले, गाळ खाली बसला का, तोंड कधी उघडले. नेहमीच्या पिंपात 9 गॅलन, म्हणजे सुमारे 41 लिटर बिअर असते. एकदा उघडल्यावर आत हवा शिरत असल्याने ती तीनेक दिवसांत संपावी लागते. गर्दी कमी असलेल्या ठिकाणी ती रेंगाळण्याचा धोका खरा आहे. म्हणूनच पिंप कधी उघडले हे मोकळेपणाने विचारावे. चांगल्या ब्रुअरला या प्रश्नाचा आनंदच होतो.

शाकाहारी वाचकांनी आणखी एक गोष्ट विचारावी. गाळ लवकर बसावा म्हणून कास्क एलमध्ये परंपरेने माशाच्या वाताशयापासून काढलेला पदार्थ घातला जातो. अनेक नव्या ब्रुअऱ्या तो वगळून बिअर थोडी गढूळच देतात, त्यामुळे या बाबतीत त्यांच्याकडे निवड करायला अधिक वाव मिळतो.

माझे मत स्पष्ट आहे: कास्क एल हे पेय समजून घ्यायचे असेल, तर छोटी ब्रुअरी निवडावी. मात्र केवळ ‘छोटी आणि नवी’ एवढ्यावर विसंबू नये. लंडनच्या बर्मंडसी भागात रेल्वेच्या कमानींखाली ओळीने ब्रुअऱ्या आहेत, पण तिथे भर मुख्यतः दाबाखाली दिल्या जाणाऱ्या केग बिअरवर आहे. हातपंप आहे का आणि त्या दिवशी कोणती एल सुरू असेल, हे आधीच विचारून घ्यावे. अशा जागा बहुधा शुक्रवार-शनिवारीच उघड्या असतात; हूक नॉर्टनला मात्र बॅनबरीपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे बस किंवा टॅक्सी पाहावी लागते. दोन्हीकडे अर्धा पाइंट (सुमारे 284 मिलिलिटर) मागवता येतो, आणि एकापेक्षा अधिक एल चाखायच्या असतील तर तोच मागवावा.