सरकी पेंडीतलं गॉसिपॉल: अ‍ॅनिलिन पद्धत काही महिने वापरल्यावर

पावसाळ्यापासून आमच्या शिरोलीच्या प्रयोगशाळेत सरकी पेंडीतलं गॉसिपॉल अ‍ॅनिलिनच्या रंगपद्धतीने मोजतोय. गॉसिपॉल म्हणजे सरकीतलं नैसर्गिक विषारी द्रव्य; अ‍ॅनिलिन या रसायनाशी जोडलं की ते पिवळा रंग देतं आणि तो रंग मोजायचा. मुक्त, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेल्या, गॉसिपॉलसाठी एओसीएस या अमेरिकी तेल-रसायनज्ञांच्या संस्थेची बीए ७-५८ ही प्रमाणित पद्धत, एकूणसाठी (मुक्त आणि चिकटलेलं मिळून) बीए ८-७८. निव्वळ पेंडीसाठी ही पद्धत भरवशाची आहे आणि साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) भागतं. मिश्र खाद्यासाठी मात्र मी तिच्यावर विसंबत नाही.

सरकीचा दाणा आडवा कापला की गरात बारीक काळे ठिपके दिसतात. गॉसिपॉल त्या ग्रंथींत साठलेलं असतं. निव्वळ अ‍ॅसिटोनला त्या दाद देत नाहीत, पाणी लागलं की फुटतात. म्हणून ७० टक्के अ‍ॅसिटोन, बाकी पाणी. काचेच्या मण्यांसोबत तासभर शेकरवर हलवायचं, गाळायचं, गाळलेल्याचे दोन भाग करायचे. एकात अ‍ॅनिलिन घालून अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायचं आणि थंड झाल्यावर ४४० नॅनोमीटर तरंगलांबीला वाचायचं. दुसऱ्यात अ‍ॅनिलिन नाही. पेंडीचा स्वतःचा पिवळेपणा त्याच्यामुळे वजा होतो, म्हणून तो भाग कधीच वगळू नका.

खरी कटकट अ‍ॅनिलिनची. बाटली पडून राहिली की तपकिरी होते आणि ब्लँक, म्हणजे नमुना न घालता येणारं वाचन, चढतो. झिंकच्या भुकटीवर ऊर्ध्वपातन करून घेतलं की स्वच्छ मिळतं, पण ते काम फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालूनच. हे विष कातडीतूनही आत जातं. दुसरी काळजी स्टँडर्डची, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या माहीत प्रमाणाच्या गॉसिपॉलची. बाजारात मिळतं ते बहुधा गॉसिपॉल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, त्यात गॉसिपॉल ८९.६२ टक्केच. हा गुणक धरला नाही तर प्रत्येक आकडा साडेअकरा टक्क्यांनी फुगतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पोल्ट्रीवाले विचारतात, "साहेब, ही पेंड कोंबडीला चालंल का?" नुसता मुक्त आकडा बघून याचं पूर्ण उत्तर देता येत नाही. घाण्यात किंवा कुकरमध्ये पेंड तापली की मुक्त गॉसिपॉल प्रथिनांना, मुख्यतः त्यांतल्या लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाला, चिकटतं. मुक्त आकडा उतरतो, विषबाधेची भीती कमी होते, पण तेवढं लायसिन कोंबडीच्या हाती लागत नाही. म्हणून मुक्त आणि एकूण दोन्ही मोजून द्यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. अंड्यांच्या कोंबड्यांना तर जास्तच जपायला हवं, कारण साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट पडतो. मोठ्या म्हशीच्या पोटात बरंचसं गॉसिपॉल प्रथिनांना बांधलं जातं. रेडकू-वासराचं पोट तसं तयार नसतं, त्यांच्या खाद्याचा अहवाल मी दोनदा तपासून देतो.

एकूण गॉसिपॉलला वेळ जास्त जातो. डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये अमिनोप्रोपॅनॉल आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, मग ९५ अंशांवर अर्धा तास. वासही त्रासदायक.

मळी किंवा रंग घातलेल्या खाद्यात ४४० नॅनोमीटरला दुसरंच काही वाचलं जाण्याची शक्यता राहते. असे नमुने आम्ही एचपीएलसीसाठी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रपद्धत) बाहेर पाठवतो. तिथे २-अमिनो-१-प्रोपॅनॉलशी जोडून गॉसिपॉलची धन आणि ऋण रूपं (एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असावीत तसे रेणू) वेगळी मोजता येतात, आणि जास्त घातक ते ऋण. खर्च बराच आहे, तरी खाद्य पिल्लांचं किंवा वासरांचं असेल तर मी गिऱ्हाइकाला तोच सल्ला देतो.