न्यूयॉर्कच्या कारागिरांची लायब्ररी आणि कुलुपांचं म्युझियम: बाबांना घेऊन गेलो होतो, त्याचा रिव्ह्यू

बाबा आयुष्यभर सुतारकाम करत आलेत, त्यामुळे टाइम्स स्क्वेअरला दहा मिनिटांत कंटाळले आणि मला म्हणाले, "अरे, ही एवढी शहराची उंची उभी केली ती माणसं कुठे दिसतात का?" मला काही उत्तर सुचेना. मग ऑफिसमधल्या एकाने ही जागा सांगितली, जनरल सोसायटी ऑफ मेकॅनिक्स अँड ट्रेड्समेन, वेस्ट 44वा स्ट्रीट, 20 नंबर, फिफ्थ आणि सिक्स्थ ॲव्हेन्यूच्या मध्ये. ग्रँड सेंट्रलपासून सहज चालत जाता येतं. बाहेरून जुनी भारदस्त इमारत आहे, आत एवढं काही असेल असं वाटत नाही.

लायब्ररीत पाय टाकला आणि दोघंही गप्प झालो. तीन मजली उंच हॉल, वरती काचेचं मोठं छत, त्यातून येणारा उजेड थेट टेबलांवर, आणि भोवती गॅलऱ्यांमधून पुस्तकंच पुस्तकं. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही पण त्यांनी आधी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, मग वर बघितलं, मग परत हात फिरवला. मी त्यांना घाई केली नाही.

आता ही जागा आहे कोणाची ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय इथे जाण्यात मजा नाही. 1785 साली न्यूयॉर्कमधले 22 कारागीर एका खानावळीत जमले आणि त्यांनी ही सोसायटी काढली. त्या काळात मेकॅनिक म्हणजे गॅरेजवाला नाही, हाताने काम करणारा कुठलाही कारागीर. एखादा आजारी पडला किंवा गेला तर त्याच्या बायकोपोरांचं काय, ही पहिली काळजी होती, त्यासाठी सगळ्यांनी मिळून पैसे बाजूला टाकायचे. 1792 मध्ये रीतसर सनद मिळाली. आणि मग 1820 मध्ये या लोकांनी एकाच वर्षी दोन गोष्टी केल्या, एक शाळा काढली आणि उमेदवारी करणाऱ्या पोरांसाठी लायब्ररी काढली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी 1895 ची आहे हो, म्हणजे तिच्या 75 वर्षं आधी कारागिरांनी आपल्या पोरांच्या हातात पुस्तकं दिली. सरकार करेल, कोणी शेठ करेल म्हणून ते थांबले नाहीत. मला सगळ्यात जास्त हे भावलं.

पुढे शहरात सरकारी शाळा झाल्या तेव्हा यांनी शाळा कवटाळून बसण्यापेक्षा 1858 पासून संध्याकाळचे क्लास सुरू केले, कारण पोरगा दिवसा मिस्त्रीच्या हाताखाली असतो, त्याला शिकायला वेळ मिळतो तो कामावरून सुटल्यावर. तेच आजही मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट नावाने याच इमारतीत चालू आहे, बांधकाम, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल असले विषय, आणि शिकवण्याची फी नाही! मी स्वतः ज्या खाजगी कॉलेजातून डिप्लोमा केला तिथे फी भरमसाट होती आणि वर्कशॉपचं कुलूप तीन वर्षांत मोजून चार वेळा उघडलं, त्यामुळे मला हे ऐकून खरंच भरून आलं.

ही इमारत सोसायटीची मूळची नाही, 1890 च्या सुमारास मुलांच्या एका शाळेसाठी बांधलेली, 1899 मध्ये सोसायटी इथे आली आणि नंतर वाढवायला पैसे दिले पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगीने. कार्नेगीचा एक किस्सा मी बाबांना तिथेच सांगितला. हा तार ऑफिसात काम करणारा पोरगा असताना त्याच्या गावात एका कर्नलने कामकरी पोरांसाठी लायब्ररी उघडली होती, पण पुढे नियम आला की फुकट पुस्तक फक्त करार करून उमेदवारी करणाऱ्यांनाच, बाकीच्यांनी वर्षाला 2 डॉलर भरायचे. पोराने सरळ पेपरला पत्र लिहिलं आणि नियम बदलायला लावला. बाबा म्हणाले, "म्हणजे त्याला ठाऊक होतं पैसे कुठे द्यायचे."

आता याच इमारतीतली कुलुपं. जॉन मॉसमन नावाचे सोसायटीचे एक सदस्य बँकांच्या तिजोऱ्यांच्या कुलुपांच्या धंद्यात होते, त्यांनी जमवलेला हा संग्रह, कुलुपं, किल्ल्या, हत्यारं मिळून 370 च्या वर. एका कुलपाचं तर नावच 'अतिशय गुंतागुंतीचं कुलूप' असं आहे. पण बाबा अडकले ते इजिप्शियन पद्धतीच्या लाकडी कुलपापाशी. बघितल्याबरोबर म्हणाले, "अरे ही तर आपली आगळच, फक्त वरून खिट्ट्या सोडल्यात." आणि खरंच तेच आहे, आगळ सरकवली की वरच्या खिट्ट्या आपल्या वजनाने भोकांत पडतात आणि ती अडकते, किल्ली म्हणजे लाकडाची दांडी, टोकाला खुंट्या, ती आत घालून वर उचलायची की खिट्ट्या वर जातात आणि आगळ मोकळी. आपल्या खिशातल्या दातेरी किल्लीतही हीच युक्ती, फक्त खिट्ट्या बारीक झाल्या आणि पितळेच्या झाल्या. लायनस येल ज्युनिअर या अमेरिकन कुलूपवाल्याने अशा कुलपाचं 1861 मध्ये पेटंट घेतलं, पण कल्पना हजारो वर्षांची.

दुसरं नक्की बघा ते टाइम लॉक. चोर बँकेच्या कॅशियरला रात्री घरातून उचलायचे आणि मारहाण करून तिजोरीचा नंबर काढून घ्यायचे, म्हणून 1873 च्या सुमारास जेम्स सार्जंटने असं कुलूप केलं की ठरलेले तास संपेपर्यंत ते मालकालाही उघडत नाही, मग कॅशियरला मारून उपयोग काय! आणि अशा कुलपात बहुतेक वेळा दोन-तीन घड्याळं असतात, एक बंद पडलं तरी दुसरं सोडवेल म्हणून. काचेमागे ती छोटी घड्याळं शेजारी शेजारी बसलेली दिसतात तेव्हा ज्याने हे बनवलं त्याच्या डोक्याला आणि हाताला मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

सोसायटीचं चिन्ह म्हणजे उगारलेला हात आणि त्यात हातोडा. ब्रीदवाक्याचा अर्थ मी बाबांना असा सांगितला, हातोडा आणि हात यांच्या जोरावर सगळ्या कला उभ्या आहेत. बाबांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं.

लहान मुलांना बटणं दाबायची, स्क्रीनची सवय असेल तर ती इथे रमणार नाहीत, पण घरात कोणी फिटर, टर्नर, सुतार, इलेक्ट्रिशियन असेल तर त्यांना पहिलं इथे न्या. दोन तास तरी ठेवा. म्युझियम आणि लायब्ररीच्या वेळा निघण्याआधी तपासून घ्या. माझ्याकडून पाचपैकी पाच. आणि जमलं तर दुपारी उशिरा जा, कारण आम्ही निघालो तेव्हा संध्याकाळच्या क्लासची माणसं येत होती, बुटांना सिमेंट लागलेलं, एकाच्या बॅगेला हेल्मेट लटकवलेलं. बाबा दारातच बाजूला सरकले आणि त्यांना आधी आत जाऊ दिलं.