सीइंग एआय: काकांच्या फोनवर टाकलं, खरंच कामाचं आहे
आमच्या काकांना दिसत नाही, त्यांच्या फोनवर मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय हे अ‍ॅप टाकून दिलं. फुकट आहे. कॅमेरा कागदावर धरला की वाचून दाखवतं, नोटा पण ओळखतं, अगदी आपले रुपयेसुद्धा, त्यामुळे दुकानात आता कोणाला विचारत बसत नाहीत. सगळ्यात भारी ते बारकोडचं, पुड्यावर बारकोड कुठंय हे न दिसणाऱ्याला कळणार कसं, तर जवळ गेलं की बीप बीप फास्ट होतं!! बनवणाऱ्या टीमचा साकिब शेख स्वतः अंध आहे, म्हणूनच सुचलं असणार. आयफोनवर २०१७ पासून होतं, अँड्रॉइडवर यायला डिसेंबर २०२३ उजाडला, आपल्याकडे तर बहुतेक अँड्रॉइडवालेच ना. औषधाच्या डोससाठी मात्र घरातल्या कोणाला तरी विचाराच.