जड बुलेट आणि आखूड पाय: सीट कापायची, शॉकअप बदलायचे की गाडीच?

माझी उंची पाच फूट दोन इंच. गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक 350, वजन 195 किलो, सीट जमिनीपासून 805 मिलिमीटर. सपाट डांबरावर माझे चवडे जेमतेम टेकतात, टाचा अधांतरी. शोरूममध्ये एवढं पुरेसं वाटतं, कारण तिथली फरशी सपाट असते. गुहागर-दापोलीकडे सपाट जागा शोधावी लागते. घर रस्त्याच्या खाली, मधे जांभ्याची उतरण, श्रावणात तिच्यावर शेवाळ. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत ओहोटीला गाडी चढवायची तर जेटीचा खालचा ओला भाग समोर येतो. गाडी पडते ती अशा जागी, तीही उभी असताना किंवा पायाने सरकवताना.

म्हणून खर्चाआधी स्वतःचा पाय मोजा. भिंतीला पाठ लावून, दोन पायांमध्ये जाडसर वही वर दाबून धरा आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. एकूण उंचीपेक्षा हा आकडा कामाचा. माझ्याच उंचीच्या मावसबहिणीचे पाय लांब आहेत, तिला याच गाडीचा त्रास नाही.

सीट कापणं हा मला सगळ्यात समजूतदार उपाय वाटतो. फोम दोन-अडीच सेंटिमीटर खाली जातो, पण खरा फायदा पुढची रुंदी कमी केल्याने होतो. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच वाया जाते. सीटवाल्याला सांगा, ‘पुढून, टाकीजवळ, दोन्ही बाजूंनी निमुळती कर.’ नुसती वरून तासली तर फोम पातळ होऊन तासाभरात माकडहाड दुखायला लागतं. माझी पहिली सीट अशीच वाया गेली. शिवाय कव्हरची शिवण बसायच्या जागी आली होती. जूनमध्ये टाक्यांतून पाणी आत गेलं आणि फोम दसऱ्यापर्यंत ओला राहिला. शिवण कडेला घ्यायला लावा, आत प्लॅस्टिकचा थर घाला. आणि मूळ सीट कापू नका, दुसरी घेऊन ती कापा. कापण्यात चूक झाली तरी गाडीचं वागणं बदलत नाही, मूळ सीट पुन्हा लावता येते.

शॉकअपचं तसं नाही. क्लासिकला मागे दोन शॉकअप आहेत, म्हणजे खाली करायची तर आखूड शॉकअप घालावे लागतात. नुसती मागून गाडी बसवली की पुढचं तोंड वर होतं, हेडलाइट वर जातो, घाटातल्या वळणावर हँडल आळशी वाटतं. ते सावरायला पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, टी-मधून (हँडलखालच्या त्यांच्या पकडीतून) तितकेच वर सरकवावे लागतात. मग साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि उजवीकडे कलंडायची भीती वाढते. मेन स्टँडवर घेताना जास्त उचलावी लागते. मागे माणूस बसला आणि खड्डा आला तर टायर मडगार्डला लागू शकतो. आणि मुख्य म्हणजे गाडीच्या पोटाखालची, जमिनीपर्यंतची मोकळी जागा. क्लासिकची ती 170 मिलिमीटर. गावातल्या वाटेल तशा घातलेल्या गतिरोधकांवर आणि पावसाने उघड्या पडलेल्या दगडांवर त्यातले 25 मिलिमीटरही मी सोडणार नाही. महामार्गावरच फिरणाऱ्याचा हिशोब वेगळा असेल.

त्याआधी फुकटातलं करून पाहा. मागच्या शॉकअपची घट्ट-सैल करायची खाच असते. एकटी चालवत असाल आणि खाच घट्टवर असेल तर ती सैलवर आणा. तुमच्या वजनाने गाडी थोडी बसते. माणूस किंवा सामान घेताना परत घट्ट करा. दुसरं, जाड आणि खाचांच्या तळव्याचे बूट. तळवा दोन सेंटिमीटर जाड असेल तर पायाला पूर्ण दोन सेंटिमीटर मिळतात, शिवाय शेवाळावर पकडही. टाच मात्र उंच नको, फुटरेस्टवर अडकते.

अजून गाडी घेतली नसेल तर त्याच कंपनीच्या मिटिऑर 350 वर बसून पाहा. क्लासिकच्याच जातीचं इंजिन, वजन 191 किलो, पण सीट 765 मिलिमीटर. हा 40 मिलिमीटरचा फरक कुठल्याही कापाकापीने सहज मिळत नाही. फुटरेस्ट मात्र पुढे आहेत, ते पटतात का बघा. हंटर 350 ची सीट 790, पण वजन 181 किलो. अंगणात गाडी फिरवताना हे 14 किलो हातांना कळतात. हिमालयन 450 चं मन असेल तर 825 ऐवजी 805 ची कमी उंचीची सीट मिळते, तरी ती चवड्यांवरचीच गाडी.

घेतलेली असेल तर आधी बूट आणि खाच, त्याने भागलं नाही तर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, सीट. शॉकअपला हात लावू नका.

आणि दोन सवयी लावा. थांबायच्या आधी रस्त्याची उंच बाजू हेरून तिकडचा एकच पाय पूर्ण टेकवा, त्यासाठी सीटवरून थोडं त्या बाजूला सरका. अंगणात गाडी लावताना तोंड चढाकडे करून पहिल्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे सकाळी मागे ओढावी लागत नाही. फेरीबोटीत चढताना मी खलाशाला मागून हात लावायला सांगते. अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.